वैमानिकाचा शर्ट उसवताना

मा. केंद्रीय नागरी विमान वाहतूक मंत्री यांस,
स. न. वि. वि.

मी कुडाळातला शिंपी. चिपीचा विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झाला, पण मी अजून विमानात बसलेलो नाही. विमानाशी माझा संबंध आला तो एका शर्टामुळे.

शेजारच्या वाडीतली मुलगी एका विमान कंपनीत सहवैमानिक आहे, खांद्यावर तीन पट्ट्या. सुट्टीवर आली तेव्हा कंपनीचा पांढरा शर्ट पुढ्यात टाकून म्हणाली, ‘काकानू, खांदो खाली येता, पट्टी कशी ऱ्हवतली?’ अंगावर घालायला लावला. पुरुषाचाच बेत, नुसता लहान केलेला. मुंढा, म्हणजे बाहीचा जोड, दंडावर उतरलेला, पट्टी घसरलेली, आणि विमानातला खांद्यावरून येणारा पट्टा नेमका तिथेच घासतो म्हणे. दोन्ही बाह्या उसवून खांदा पाऊण इंच आत घेतला. देशातल्या वैमानिकांत सुमारे १५ टक्के बायका आहेत हे सरकार अभिमानाने सांगते. मग त्यांच्या मापाचा बेत कापायला अडचण कसली?

उरलेल्या चिंधीतला दोरा ओढून मी त्याला काडी लावली. आमच्या धंद्यातली ही जुनी परीक्षा. सुती दोरा कागदासारखा जळतो, बोटांत राख उरते. हा दोरा आक्रसला आणि टोकाला काळा टणक मणी झाला. म्हणजे बहुतेक पॉलिस्टरच. असले कापड आगीत वितळून कातडीला चिकटते. लढाऊ वैमानिकांना आगीला दाद न देणाऱ्या कापडाचा पोशाख देतात तो उगाच नव्हे. आणि विमानाला आग लागली तर शे-दीडशे माणसे बाहेर काढायची जबाबदारी जिच्यावर, तिला आपण देतो इस्त्री न मोडणारा शर्ट. इस्त्री टिकते, नाही म्हणत नाही. आमच्या मे महिन्यात तो घालून बघा एकदा.

चार पट्ट्या म्हणजे कप्तान, हे कोकणात कुणाला शिकवावे लागत नाही. इथल्या घरांतून बोटीवर गेलेले कमी नाहीत. विमानात त्या पट्ट्या बोटीवरूनच आल्या. १९३० च्या दशकात अमेरिकेच्या पॅन अ‍ॅम कंपनीने पाण्यावर उतरणाऱ्या आपल्या विमानांच्या वैमानिकांना नौदलासारखा पोशाख दिला, उतारूंना भरवसा वाटावा म्हणून. पण २०१९ मध्ये दिल्लीच्या विमानतळावर वैमानिकाच्या पूर्ण पोशाखात पकडलेला इसम वैमानिक नव्हताच. रांगेत उभे राहायला लागू नये म्हणून तो ते कपडे घालत असे. इकडे मालवणचा तांडेल, म्हणजे होडीचा कप्तानच, मळक्या बनियनवर असतो, पण इंजिन, डिझेल आणि आभाळ पाहिल्याशिवाय दोर सोडत नाही. म्हणून गणवेश नको असे मी कसे म्हणू? माझे पोट त्यावर आहे.

मागणी एवढीच की नियम बुटाच्या चकाकीपासून आणि अंबाड्याच्या पिनांपासून सुरू होऊ नयेत. आधी कापड कोणते ते ठरवा, मग बायकांचे माप, मग खांदा. वैमानिकांची आठवड्याची विश्रांती २०२५ मध्ये ३६ वरून ४८ तासांवर नेलीत, ते फार बरे केलेत. तिथली शिलाई मात्र कुणाच्या सांगण्यावरून सैल करू नका.

टपालाने पाठवलेल्या मूळ पत्रासोबत त्या शर्टाची चिंधी लखोट्यात घातली आहे. एक दोरा काढून काडी लावून बघावी. पंखा तेवढा बंद करा.

आपला,
एक शिंपी, कुडाळ