सारालाही मेनू कार्डावर जागा द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत पावसाळ्यात जिवाला बरे वाटणाऱ्या पदार्थांवर जो लेख आला, तो आवडीने वाचला. त्यात सूप आणि सँडविच यांना मानाचे पान मिळाले आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. लोकलच्या गर्दीतून अर्धेमुर्धे भिजून घरी पोहोचणाऱ्या माणसाला काहीतरी गरम, पोटाला जड न होणारे आणि झटपट मिळणारे हवेच असते. परंतु सुपांच्या यादीत क्रीम ऑफ मशरूम, मिनेस्ट्रोनी, स्वीट कॉर्न आणि मांचाव एवढी सगळी मंडळी आली आणि टोमॅटोचे सार, मुगाचे कढण किंवा कुळथाचे कळण यांपैकी एकाचेही नाव आले नाही, हे खटकले. यात दोष एकट्या लेखाचा नाही. मुंबईने सँडविच पुरते आपलेसे करून घेतले, सुपाच्या बाबतीत मात्र नकलेवरच समाधान मानले, आणि घरोघरी होणारे सार विकायला बाहेर काढण्याचे कोणाच्या मनातही आले नाही.

आधी सँडविचविषयी. काकडीच्या पातळ चकत्या आणि लोणी घातलेले साहेबी सँडविच या शहराने घेतले खरे, पण तसेच्या तसे ठेवले नाही. फोर्टमधल्या बँकेतील नोकरीमुळे पदपथावरच्या सँडविचवाल्याचे काम मला वर्षानुवर्षे जवळून पाहता आले. पावाच्या स्लाइसना आधी अगदी कडेपर्यंत अमूल बटर, त्यावर कोथिंबीर-पुदिन्याची हिरवी चटणी, मग उकडलेला बटाटा, बीट, काकडी, टोमॅटो आणि कांदा यांच्या चकत्या, आणि त्याही हातातल्या हातात सुरीने कापून थेट पावावर पाडलेल्या. वरून जिरे, बडीशेप, दालचिनी आणि काळे मीठ यांच्या वासाचा मसाला भुरभुरवला जातो. बटर कडेपर्यंत लावतात ते केवळ चवीसाठी नव्हे. चटणीचे आणि टोमॅटोचे पाणी पावात मुरू नये म्हणून तो स्निग्ध थर लागतो, आणि ज्याने बटरला हात आखडता घेतला त्याचे सँडविच कागदी बशीत पडेपर्यंत लिबलिबीत झालेले असते. मग ते चिमट्याच्या टोस्टरमध्ये दाबून निखाऱ्यावर किंवा गॅसवर दोन्ही बाजूंनी भाजायचे, सुरीने तुकडे करायचे आणि वर पुन्हा चटणी, सॉस आणि बारीक शेव घालून हातात द्यायचे. जैन गिऱ्हाईक आले तर कांदा-बटाटा वगळून कच्चे केळे येते. तिखट कमी पाहिजे, बीट नको, टोस्ट जरा कडक पाहिजे, असे सगळे तिथे उभ्या उभ्या सांगता येते आणि ते ऐकलेही जाते. चर्चगेटला, काळबादेवीत किंवा विलेपार्ल्याच्या महाविद्यालयांबाहेर असे सँडविच खाल्लेल्या माणसाला, आपण परदेशी पदार्थ खात आहोत, असे क्षणभरही वाटत नाही. (त्यात मेयोनेज, चॉकलेट आणि चीजचे ढीग घालण्याची जी चढाओढ अलीकडे लागली आहे, तिच्याबद्दल न लिहिलेलेच बरे.)

सुपाला असे कोणी हात लावलेले दिसत नाहीत. मांचावचा अपवाद मी मोकळ्या मनाने करते. आले, लसूण, मिरची आणि सोया सॉस यांचे ते झणझणीत मिश्रण, वर तळलेल्या नूडल्स घालून, चायनीजच्या गाड्यांनी असे काही रुजवले आहे की त्याला आता मुंबईकरच म्हणावे लागेल. बाकी बहुतेक उपाहारगृहांतले टोमॅटो सूप म्हणजे प्युरी, साखर आणि कॉर्नफ्लोअर. राजधानी एक्स्प्रेसमध्ये जेवणाआधी सूप स्टिकबरोबर मिळणारे टोमॅटो सूप मलाही आवडते, पण त्या आवडीत प्रवासाचा वाटा मोठा आहे. तेच सूप दादरच्या हॉटेलात बसून, टोमॅटोचे उत्तम सार ज्यांच्या घरी होते अशा माणसांनी, सवयीने मागवावे याचे मला नवल वाटते.

हॉटेलवाल्यांची अडचण मात्र खरी आहे आणि ती समजून घेतली पाहिजे. कॉर्नफ्लोअर थंड पाण्यात कालवून उकळत्या सुपात सोडले की त्यातील स्टार्चचे कण पाणी शोषून फुगतात, सुपाला दाटपणा येतो, आणि ते मंद आचेवर बराच वेळ ठेवता येते. नारळाच्या दुधाचे सार इतका धीर धरत नाही. टोमॅटोच्या आंबटपणात नारळाचे दूध खळखळून उकळले की फाटते, वर तेल सुटते, खाली चोथा राहतो आणि मग गिऱ्हाईक वाटी परत पाठवते. पण घरातल्या बायकांनी यावर केव्हाच तोड काढलेली आहे. टोमॅटो उकडून, सोलून, गाळून, त्याला तूप, जिरे, हिंग आणि कढीपत्त्याची फोडणी देऊन, मीठ-गूळ घालून ते पाणी तयार ठेवावे. वाढायच्या वेळी नारळाचे दूध घालावे आणि वाफ येईपर्यंतच तापवावे, उकळी येऊ देऊ नये. काही जणी दुधात चिमूटभर तांदळाची पिठी कालवतात, त्याने ते फुटत नाही. कित्येक घरांत तर सारात नारळाचे दूध घालतच नाहीत आणि तरीही ते वाटीवाटीने संपते. एवढी व्यवस्था कोणत्याही हॉटेलच्या भटारखान्यात होण्यासारखी आहे.

हे शक्य आहे याचा पुरावा माटुंग्यात रोज पाहायला मिळतो. तिथल्या दाक्षिणात्य उपाहारगृहांनी रसमला भाताच्या सोबतीपुरते कोंडून ठेवले नाही. रसम वडा स्वतंत्रपणे मागवता येतो आणि सर्दी झालेली माणसे मुद्दाम नुसते रसम पिण्यासाठी तिथे जातात. १९४२ पासून केळीच्या पानावर जेवण वाढणारे रामा नायक यांचे श्रीकृष्ण बोर्डिंग त्याच माटुंग्यातले, आणि तिथे जेवायला मराठी माणसे आनंदाने जातात. तिकडे बोहरी मोहल्ल्यात आणि मोहम्मद अली रोडवर बकऱ्याच्या पायाचे सूप ज्या अभिमानाने विकले जाते, त्याबद्दल तर बोलायलाच नको. आपल्या मराठी उपाहारगृहांत थालीपीठ, मिसळ, साबुदाणा वडा आणि पीयूष मिळते, कोकमाचे सरबत मिळते, सोलकढीही बऱ्याच ठिकाणी मिळू लागली आहे. मग कपभर गरम सार का मिळू नये?

या विषयाला एक गंभीर बाजूही आहे आणि हे पत्र लिहिण्याचे खरे निमित्त तीच आहे. माझ्या थोरल्या जाऊबाई गेल्या पावसाळ्यात उपनगरातील एका रुग्णालयात दाखल होत्या. डॉक्टरांनी पातळ आहार सांगितला होता. दुपारी ताटलीतून जे आले ते पाकिटातल्या भुकटीचे सूप होते. वर निवून साय धरलेली, वाटीच्या कडेला न विरघळलेली गुठळी चिकटलेली आणि चव एवढी खारट की वहिनींनी दोन चमच्यांतच वाटी बाजूला सारली. आम्ही घरून थर्मासमधून नेलेले मुगाचे कढण मात्र दारावरच्या सुरक्षारक्षकाने नियमावर बोट ठेवून अडवले. बाहेरच्या अन्नाला मनाई असावी, हे मला मान्य आहे. संसर्गाचा प्रश्न असतो, प्रत्येकाचे पथ्य वेगळे असते, आणि नातेवाईक प्रेमापोटी काय घेऊन येतील याचा नेम नसतो. परंतु बाहेरचे अडवायचे असेल तर आतले तरी धड असायला नको का? मूग मंद आचेवर भाजून भरपूर पाण्यात मऊ शिजवायचे, घोटून गाळायचे, त्यात आल्याचा रस आणि सोसेल तेवढेच मीठ घालायचे आणि वर तूप-जिऱ्याची फोडणी द्यायची, यात महाग काहीच नाही आणि अवघडही काही नाही. कोकणातल्या घरांत आजाऱ्याला उकड्या तांदळाची पेज देतात, तिलाही हेच लागू पडते. रुग्णाला काय सोसते हे डॉक्टरांनी आणि आहारतज्ज्ञांनी ठरवावे; माझे म्हणणे एवढेच की त्यांच्यापुढच्या यादीत या पदार्थांची नावे तरी असावीत.

कचेऱ्यांच्या कँटीनबद्दल आणि मराठी उपाहारगृहांबद्दल माझी सूचना आणखी सोपी आहे. तिथे उसळ बहुधा रोज होते. कुळीथ किंवा मूग शिजवल्यावर जे पाणी उरते ते अनेकदा नुसते ओतून दिले जाते. कोकणी स्वयंपाकघरात कुळथाच्या याच पाण्याचे कळण होते: ते गाळून घ्यायचे, त्यात ठेचलेली लसूण आणि हिरवी मिरची घालायची, आंबटपणाला कोकम किंवा ताक, मीठ, वर फोडणी. दाणे उसळीला आणि पाणी कळणाला, म्हणजे कच्च्या मालाचा वेगळा खर्च जवळजवळ नाहीच. ते दाट नसते, दिसायला करडे-तपकिरी असते आणि छायाचित्रात बिलकूल शोभत नाही, हे मान्य केले पाहिजे. कदाचित म्हणूनच पुरवणीतून ते सुटले असावे. पण पावसात भिजून आलेल्या माणसाला टोस्ट सँडविचबरोबर कपभर कळण देऊन पाहावे, तो दुसरा कप मागतो.

आपल्या पुरवणीत पाककृतींना नेहमीच जागा असते. श्रावणापूर्वीच्या एखाद्या रविवारी सार, कढण आणि कळण यांच्या कृती प्रमाणासह छापाव्यात, आणि त्या चार माणसांसाठी न देता पन्नास माणसांसाठी द्याव्यात, म्हणजे कँटीन चालवणाऱ्यांना त्या थेट वापरता येतील, अशी विनंती आहे.

आपली,
एक नियमित वाचक,
मुलुंड (पूर्व), मुंबई