केजीएफबद्दल, सविस्तर

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

फोनवर केजीएफबद्दल धड सांगता आलं नाही, म्हणून हे पत्र. केजीएफ म्हणजे कोलार गोल्ड फील्ड्स, सोन्याच्या जुन्या खाणींचं गाव, बंगळुरूपासून शंभरेक किलोमीटरवर आहे. बाबा, तुमची सगळी नोकरी वीज मंडळात गेली, म्हणून आधी विजेचंच सांगते. कावेरीवर शिवनसमुद्रला १९०२ साली जलविद्युत केंद्र सुरू झालं, ते या खाणींसाठी. तिथून जवळपास दीडशे किलोमीटर तारा ओढून वीज इथे आणली. तेव्हाच्या जगातल्या सर्वांत लांब वाहिन्यांपैकी ती एक होती. बंगळुरूच्या रस्त्यांवर दिवे लागले ते १९०५ मध्ये! सोन्यासाठी वीज राजधानीच्याही आधी पोचली, आणि ते सोनं वर काढणारे तमिळ मजूर मात्र बांबूच्या तट्ट्यांच्या झोपड्यांत राहायचे. हे कळल्यावर मला त्या जुन्या बंगल्यांचं कौतुक करवेना. उतरती छपरं, पुढे बाग, साहेबांचा क्लब, सगळं देखणं आहे, नाही म्हणत नाही. पण आई, तू असतीस तर तूही आधी मजुरांच्या चाळींकडेच वळली असतीस.

जॉन टेलर अँड सन्स ही इंग्रज कंपनी १८८० मध्ये इथे आली. पुढे चॅम्पियन रीफची खाण तीन किलोमीटरहून खोल गेली. तळाचा खडक साठ अंशांच्या पुढे तापलेला असायचा. त्याहून भीती असायची ती खडक फुटण्याची. एवढ्या खोलवर दाबाखाली असलेला दगड अचानक फुटतो आणि बोगदाच बसतो. माणसं अशी गेली, तरी दुसऱ्या दिवशी कामाची पाळी चुकत नसे. खाणीच्या तोंडावरचे चाकांचे उंच लोखंडी सांगाडे अजून उभे आहेत, पण आत जाता येत नाही. पंप थांबल्यावर खाली पाणी भरलं.

एक गोष्ट मात्र अभिमानाने सांगावी अशी आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी, जपान आणि इंग्लंडमधल्या सहकाऱ्यांबरोबर, १९६५ मध्ये याच खाणीत दोन किलोमीटरहून अधिक खोलीवर वातावरणात तयार होणारे न्यूट्रिनो नावाचे अतिसूक्ष्म कण पकडले. जगात ते सर्वांत आधी टिपणाऱ्यांत त्यांचा मान आहे. वरचा एवढा खडक बाकीचे कण अडवतो आणि न्यूट्रिनो तेवढे आरपार येतात. दादाच्या मुलांना हे नक्की सांगा.

सगळे फोटो काढतात ते सायनाइडच्या टेकड्यांचे. दगड दळून, सायनाइडने सोनं काढून घेतल्यावर उरलेल्या भुकटीचे हे करडे ढीग. पावसाने त्यांत खोल घळी पडल्या आहेत. दिसायला विलक्षण, पण वारा सुटला की ती धूळ वस्तीतल्या घरांत शिरते. बाबांचा खोकला बघता आपण ते रस्त्यावरूनच पाहू.

सव्वाशे वर्षांच्या आत-बाहेर सुमारे ८०० टन सोनं निघालं आणि २८ फेब्रुवारी २००१ ला खाण बंद झाली. सोनं कमी होत गेलं, काढायचा खर्च वाढत गेला, हे हिशेबाला धरून आहे. पण खाण बंद करताना गावाचं पुढे काय, याचं उत्तर कुणी दिलं नाही, असं मला वाटतं. आता तिथली हजारो माणसं रोज पहाटेच्या गाडीने बंगळुरूला कामाला येतात आणि रात्री परततात. पोरं शिकली आहेत, गाव मुळीच मेलेलं नाही. तिथल्या रॉबर्टसनपेट भागातला बाजार तर चांगला गजबजलेला असतो.

डिसेंबरात या. तेव्हा हवा छान गार असते, आई, शाल आण. गाडी बंगारपेटवरून मारिकुप्पमला जाते आणि वाटेत कोरोमंडल, उरगाम, चॅम्पियन अशी खाणींचीच स्थानकं लागतात. आपण सकाळी निघू. त्या वेळी गर्दी बंगळुरूकडे येणारी असते, त्यामुळे जाताना बाबांना खिडकीची जागा मिळेल.

तुमची लाडकी लेक