मॅथ्यू गॅरेट यांना आभाराचं खुलं पत्र

श्री. मॅथ्यू गॅरेट यांस,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

लॅपटॉपवर लिनक्स टाकताना कुठे अडलं की पहिला सल्ला ठरलेला असतो: ‘सिक्युअर बूट बंद करून टाका.’ बऱ्याचदा त्यानं काम होतंही. (सिक्युअर बूट म्हणजे मान्य सही असलेलेच प्रोग्राम बूटला चालू देणारी, मशीनच्या फर्मवेअरमधली, म्हणजे मशीन सुरू होताना आधी चालणाऱ्या सॉफ्टवेअरमधली सोय.) पण सिक्युअर बूट चालू ठेवून लिनक्स सुरू करायची वाट तुम्ही २०१२ साली शिम नावाचा प्रोग्राम लिहून मोकळी केलीत. लोकांना लिनक्स बसवून देणारे आम्ही ती वाट रोज वापरतो, म्हणून हे पत्र.

पत्र खुलं आहे, तेव्हा वाचणाऱ्यांसाठी थोडं उलगडून सांगतो. विंडोज ८चा लोगो लावायचा तर मशीन सिक्युअर बूट चालू ठेवूनच विकायचं, अशी अट आली. फर्मवेअरमध्ये सही तपासायच्या मायक्रोसॉफ्टच्या किल्ल्या असणार हे नक्की होतं, लिनक्सच्या वितरणांच्या (उबुंटू, सुसे वगैरेंच्या) असतील याचा भरवसा नव्हता. ग्रब (लिनक्स सुरू करणारा बूटलोडर) आणि कर्नल (लिनक्सचा गाभा) तर सतत बदलतात, दर वेळी मायक्रोसॉफ्टकडे सहीला कोण जाणार? तुम्ही मधे एक छोटा प्रोग्राम ठेवलात, तोच शिम. तो क्वचित बदलतो, म्हणून सहीही क्वचितच लागते. त्याच्या पोटात वितरणाची किल्ली असते. त्या किल्लीनं तो ग्रब तपासतो आणि ग्रब त्याच्याच मदतीनं कर्नल तपासतो. सुसेच्या मंडळींची ‘मोक’ची कल्पना, म्हणजे मशीनच्या मालकाला स्वतःची किल्ली नोंदवता यावी ही सोय, तीही तुम्ही त्यात घेतलीत. आमच्या मते सगळ्या कामातला सर्वांत मोलाचा भाग तोच.

आणि लोक घसरतात तेही नेमके तिथेच. एनव्हिडियाचा किंवा ब्रॉडकॉम वाय-फायचा ड्रायव्हर अनेकदा मशीनवरच तयार होतो, त्यामुळे त्यावर वितरणाची सही नसते. उबुंटूचा इन्स्टॉलर त्यासाठी मशीनची स्वतःची किल्ली बनवतो आणि ती नोंदवायला एक पासवर्ड मागतो. पुढच्या बूटला निळा पडदा येतो आणि दहा सेकंद थांबतो. त्या दहा सेकंदांत कोणतंही बटण दाबायचं, ‘एनरोल मोक’ निवडायचं, मग ‘कंटिन्यू’, ‘येस’, तोच पासवर्ड आणि रीबूट. वेळ हुकली किंवा ‘कंटिन्यू बूट’ दाबलं गेलं की विनंती पुसली जाते. लिनक्स सुरू होतं, पण वाय-फाय नसतं आणि ड्रायव्हरचं मॉड्यूल चढवताना ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’ असा संदेश दिसतो. इथे पुन्हा इन्स्टॉल करत बसू नये. ‘व्हार/लिब/शिम-साइन्ड/मोक’ या फोल्डरात तयार झालेली किल्लीची फाइल ‘मोकयुटिल’ या कमांडच्या ‘इम्पोर्ट’ पर्यायाला द्यावी, नवा पासवर्ड टाकावा, रीबूट करावं आणि या वेळी पडद्यासमोरून हलू नये. पासवर्डात छोटी अक्षरं आणि आकडेच ठेवावेत, कारण निळ्या पडद्यावर कीबोर्ड अमेरिकी मांडणीचा धरला जातो. फर्मवेअर मूळ स्थितीला आणलं तर ही नोंद पुसली जाऊ शकते. मग तीच कृती पुन्हा.

तुमचे आभार केवळ कोडसाठी नाहीत. २०१६ साली लेनोव्होच्या योगा लॅपटॉपवर लिनक्सला डिस्कच दिसेना, तेव्हा मायक्रोसॉफ्टनं मुद्दाम दार लावलं अशी ओरड झाली. तुम्ही शांतपणे खरं कारण मांडलंत: डिस्क कंट्रोलर इंटेलच्या आरएसटी मोडमध्ये (डिस्क हाताळायच्या इंटेलच्या खास पद्धतीत) आहे, त्या मोडमध्ये एनव्हीएमई डिस्क (वेगवान एसएसडी) नेहमीच्या जागी दिसत नाही आणि इंटेलनं लिनक्ससाठी तसा ड्रायव्हर दिलेला नाही. आजही इन्स्टॉलरला डिस्क सापडली नाही की आम्ही आधी हेच पाहतो. उपाय एएचसीआय हा नेहमीचा मोड, पण तो थेट बदलला तर विंडोज सुरू होताना कोसळतं. आधी विंडोजमध्ये ‘एमएसकॉन्फिग’मधून सेफ बूट लावायचं, मग फर्मवेअरमध्ये मोड बदलायचा, विंडोज एकदा सेफ मोडमध्ये येऊ द्यायचं आणि सेफ बूटची खूण काढायची. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) असेल तर या सगळ्याच्या आधी ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवलेली हवी. सिक्युअर बूटला हात लावतानाही तेच.

२०१३च्या सुरुवातीला सॅमसंगचे काही लॅपटॉप लिनक्स बूट करताच कायमचे निकामी झाले. दोष लिनक्समधल्या सॅमसंग लॅपटॉपांच्या ड्रायव्हरवर गेला. तुम्ही दाखवलंत की फर्मवेअरच्या व्हेरिएबलांची (त्याच्या सेटिंगांची) जागा बरीच भरली की ते मशीन पुन्हा उठत नाही, आणि विंडोजमधूनही हे घडवता येतं. म्हणून कर्नल आज त्या जागेत सुमारे ५ किलोबाइट राखून ठेवतं. बूटची नोंद करताना ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ आलं तर ‘एफीव्हार्स’मध्ये, म्हणजे लिनक्समध्ये ही व्हेरिएबलं दिसतात त्या फोल्डरात, ‘डंप’नं सुरू होणाऱ्या, जुन्या क्रॅशच्या फाइली असतात. तेवढ्याच काढाव्यात. बाकी कशालाही हात लावू नये, त्यात मशीन जायचा धोका आहे.

बारीकसारीक अडचणी पुष्कळ आहेत. बूट मेनूत एकच पेनड्राइव्ह दोनदा दिसला तर ‘यूईएफआय’ (नव्या पद्धतीचं फर्मवेअर) लिहिलेली ओळ निवडावी, नाहीतर जुन्या पद्धतीचं लिनक्स विंडोजशेजारी बसतं आणि मग एकमेकांना दिसत नाही. काही एसर लॅपटॉपांत सुपरवायझर पासवर्ड लावल्याशिवाय शिमची फाइल ‘ट्रस्टेड’ करता येत नाही. तुम्ही २०२२मध्ये ज्यावर आवाज उठवलात, त्या लेनोव्होच्या थिंकपॅडांत ‘थर्ड पार्टी सीए’चा (विंडोजखेरीज इतर प्रोग्रामांसाठीच्या मायक्रोसॉफ्टच्या प्रमाणपत्राचा) पर्याय आधी चालू करावा लागतो, नाहीतर पेनड्राइव्हच नाकारला जातो. आणि फर्मवेअर लिनक्सची नोंद वारंवार विसरत असेल, तर ‘ईएफआय/बूट’ फोल्डरात शिमची एक प्रत आणि शिमवर काम करणारे पीटर जोन्स यांचा फॉलबॅक प्रोग्राम ठेवावा. तो सीएसव्ही फाइल वाचून नोंद पुन्हा तयार करतो.

ऑगस्ट २०२४चा गोंधळ तर सगळ्यांच्या लक्षात आहे. विंडोजच्या एका अपडेटनंतर ड्युअल बूटची (विंडोज आणि लिनक्स दोन्ही असलेली) मशीनं ‘व्हेरिफाइंग शिम एसबॅट डेटा फेल्ड’ म्हणून थांबली. एसबॅट कशासाठी, हे तुम्ही त्याच महिन्यात लिहून समजावलंत: सदोष बूटलोडर एकेक करून बाद केले तर फर्मवेअरमधली जागा संपते, म्हणून पिढीचा एक आकडा ठेवून त्याखालचे सगळे एकदम बाद करायचे. कारण कळल्यावर उपायही नीट लक्षात राहिला. सिक्युअर बूट बंद करायचं, लिनक्समध्ये ‘मोकयुटिल --सेट-एसबॅट-पॉलिसी डिलीट’ चालवायचं, बंद अवस्थेतच एकदा पुन्हा लिनक्समध्ये यायचं, शिम अद्ययावत करायचा आणि मगच सिक्युअर बूट चालू करायचं. मधला रीबूट लोक गाळतात आणि उपाय चालत नाही म्हणतात. एसबॅटचं धोरण पुसण्याचं काम शिम त्याच बूटला करतो.

आता मायक्रोसॉफ्टच्या २०११च्या प्रमाणपत्राचं. ज्या प्रमाणपत्राच्या आधारे शिमवर सही होत आली, त्याची मुदत जून २०२६पर्यंत. बसवलेलं लिनक्स त्या दिवशी बंद पडत नाही, कारण बूट करताना फर्मवेअर सहसा तारीख तपासत नाही. पण पुढचे शिम २०२३च्या प्रमाणपत्रावर येणार, आणि ते जुन्या मशीनच्या फर्मवेअरमध्ये घातलेलं असावं लागेल. ‘एफडब्ल्यूयूपीडी’नं (लिनक्समधून फर्मवेअर अपडेट करणाऱ्या प्रोग्रामनं) त्याचं अपडेट दिलं तर घेऊन ठेवावं, असं आम्ही प्रत्येकाला सांगतो आहोत.

कळावे, लोभ असावा.

आपले ऋणी,
लॅपटॉपवर लिनक्स बसवून देणारे आम्ही सगळे