पहिली पोहोचलेली मोटार हरते तेव्हा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ड्रॅग रेसिंगचा, म्हणजे सरळ धावपट्टीवर दोन-दोन मोटारींच्या शर्यतीचा, विषय निघाला की बहुतेकांना टॉप फ्युएल या सर्वांत वेगवान वर्गाच्या ज्वाळा फेकणाऱ्या लांबलचक मोटारी आठवतात. परंतु अमेरिकेत १९५१ साली स्थापन झालेल्या नॅशनल हॉट रॉड असोसिएशनच्या (एनएचआरए) स्पर्धांत सर्वाधिक नोंदणी असते ती हौशी, म्हणजे ‘स्पोर्ट्समन’ वर्गांची. हे चालक नोकरी-धंदा सांभाळून, स्वतःच्या खर्चाने आणि बहुधा स्वतःच्या हातांनी मोटारी तयार करतात, आणि त्यांच्या फेऱ्या सुरू झाल्या की प्रेक्षक उठून जातात. या मोटारी संथ असल्यामुळे असे होते, असे सर्रास म्हटले जाते. हा खेळ अनेक वर्षे आवडीने पाहणारा प्रेक्षक म्हणून मला हे कारण पटत नाही. पाव मैलाचे, म्हणजे सुमारे ४०२ मीटरचे अंतर दहा-अकरा सेकंदांत कापणारी मोटार कोणत्याही अर्थाने संथ नसते. खरी अडचण अशी की, निकाल ज्यावर ठरतो ती गोष्ट प्रेक्षकाला दिसतच नाही.

ब्रॅकेट रेसिंगमध्ये प्रत्येक चालक आपली मोटार किती वेळात अंतर कापेल याचा आकडा शर्यतीपूर्वी जाहीर करतो आणि तो काचेवर ठळक लिहितो. हा आकडा म्हणजे डायल-इन. समजा, एका मोटारीचा डायल-इन १३.२० सेकंद आहे आणि दुसरीचा १०.७०. पहिलीला २.५० सेकंद आधी हिरवा दिवा मिळतो आणि दुसरी तिचा पाठलाग करते. आता पहिल्या चालकाने हिरव्या दिव्यानंतर ०.०३० सेकंदाने मोटार सोडली आणि १३.२२ सेकंदांत अंतर कापले, दुसऱ्याने ०.०१५ सेकंदाने सोडली आणि १०.६९ सेकंदांत कापले. दुसरी मोटार ०.०४५ सेकंद आधी, म्हणजे साधारण दोन मीटरच्या आघाडीने, अंतिम रेषा ओलांडते आणि तरीही हरते, कारण ती स्वतःच जाहीर केलेल्या वेळेपेक्षा एक शतांश सेकंद लवकर पोहोचली. यालाच ब्रेकआउट म्हणतात. शेवटच्या काही मीटरांत चालकाने ब्रेक का दाबला, याचे उत्तरही याच नियमात आहे.

पहिल्यांदाच आलेल्या माणसाला यात अन्याय वाटला तर त्याला दोष देता येणार नाही. म्हणून ब्रेकआउटचा नियमच काढून टाकावा, अशी सूचना अधूनमधून केली जाते. तिला माझा ठाम विरोध आहे. हा नियम नसेल तर प्रत्येक चालक आपल्या मोटारीच्या कुवतीपेक्षा मोठा, म्हणजे संथ आकडा लिहील, भरपूर आघाडी पदरात पाडून घेईल आणि शर्यत कागदावरच संपेल. आघाडी देण्याची पद्धतच रद्द केली, तर ज्याच्या इंजिनावर अधिक पैसा खर्च झाला आहे तोच दर वेळी जिंकेल आणि जुनी घरगुती मोटार घेऊन येणारा माणूस दोन-तीन स्पर्धांनंतर येणेच सोडून देईल. १९७०च्या दशकात ब्रॅकेट रेसिंग रुजले त्यामागे हेच कारण होते, आणि आज असंख्य छोटे ट्रॅक ज्या प्रवेशशुल्कावर तग धरून आहेत ते याच चालकांकडून येते.

माझा आक्षेप वेगळ्या ठिकाणी आहे. सुपर कॉम्प, सुपर गॅस आणि सुपर स्ट्रीट या वर्गांत दोन्ही मोटारी एकदमच सुटतात आणि त्यांचे लक्ष्य अनुक्रमे ८.९०, ९.९० व १०.९० सेकंद असे ठरलेले असते. त्यापेक्षा बरीच वेगवान धावू शकणारी मोटार त्या आकड्यावर बसवण्यासाठी थ्रॉटल स्टॉप वापरतात: मोटार सुटते, लगेच यंत्रणा इंजिनाचा श्वास कोंडते आणि ठरलेल्या वेळेनंतर पुन्हा मोकळा करते. गर्जना करत निघालेले इंजिन मधेच मंदावते आणि मग पुन्हा उसळते, तेव्हा मोटारीत बिघाड झाला असेच प्रेक्षकाला वाटते. डिले बॉक्सचेही तसेच आहे. १९६३ मध्ये आलेल्या ‘ख्रिसमस ट्री’ दिव्यांच्या खांबावर डायल-इनच्या शर्यतींसाठी तीन पिवळे दिवे अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने लागतात आणि नंतर हिरवा. डिले बॉक्स असेल तर चालक सर्वांत वरचा पिवळा दिवा लागताच मोटार रोखून धरणारे बटण सोडतो आणि उरलेली प्रतीक्षा यंत्र करते. त्यालाही सराव लागतो, हे मी मान्य करतो; पण पायाखालचा ब्रेक सोडण्याचा क्षण शेवटच्या पिवळ्या दिव्यावरून स्वतः साधणाऱ्या चालकाचे कौशल्य मला त्याहून कितीतरी मोठे वाटते, आणि मुख्य म्हणजे ते पाहणाऱ्याला समजते. एनएचआरएच्या स्टॉक आणि सुपर स्टॉक वर्गांत डिले बॉक्सला मनाई आहे. शिवाय तेथे एकाच उपवर्गातील दोन मोटारी समोरासमोर आल्या की डायल-इन बाजूला ठेवून त्या एकदमच सोडल्या जातात आणि ब्रेकआउट लागू राहत नाही. दिवसभर आकड्यांचा हिशेब सांभाळणारे चालक त्या फेरीत शेवटपर्यंत पाय उचलत नाहीत, आणि हा फरक कोणी समजावून न सांगताही जाणवतो.

कॉम्पिटिशन एलिमिनेटर वर्गाची रीत मला अधिक विचार करण्याजोगी वाटते. तेथे आघाडी ठरलेल्या निर्देशांकावरून, म्हणजे त्या प्रकारच्या मोटारीसाठी आधीच ठरवून दिलेल्या वेळेवरून मिळते, ब्रेकआउट नाही. मात्र निर्देशांकापेक्षा फारच वेगाने धावणाऱ्या मोटारीचा निर्देशांक कडक केला जातो. म्हणजे लबाडीला आळा बसतो, पण शिक्षा पुढच्या फेऱ्यांसाठी असते आणि डोळ्यांदेखत जिंकलेली शर्यत हिरावली जात नाही. ही पद्धत सर्वांना परवडणारी नाही, कारण प्रत्येक प्रकारच्या मोटारीचा निर्देशांक ठरवणे आणि मोटारींची तपासणी करणे लहान ट्रॅकच्या आवाक्याबाहेरचे आहे. तेथे डायल-इनच योग्य.

पण मग तो डायल-इन दिसला पाहिजे. काही ट्रॅकवर तो फलकावर झळकतो. तसा तो सगळीकडे, शर्यत सुटण्यापूर्वी आणि संपल्यानंतर प्रत्यक्ष वेळेच्या शेजारी, मोठ्या अक्षरांत दिसावा. मोटारी दिव्यांपाशी येताच निवेदकाने कोण किती आधी सुटणार हे एका वाक्यात सांगावे. निकालाबरोबर ‘ब्रेकआउट’ किंवा ‘रेड लाइट’ (हिरव्या दिव्याआधीच सुटणे) हे कारण लगेच घोषित व्हावे. एवढे कळले की पाठलाग रंगू लागतो: मागची मोटार पुढचीला गाठते आहे, गाठू शकते, पण फार लवकर गाठता कामा नये, ही जाणीव झालेला प्रेक्षक खुर्ची सोडून जात नाही.

आपल्यासारख्या वृत्तपत्रांकडेही एक विनंती आहे. या वर्गांचे निकाल छापताना केवळ अंतिम वेळ दिली तर १३.२२ सेकंदांच्या मोटारीने १०.६९ सेकंदांच्या मोटारीला हरवल्याचे वाचून वाचक त्याला मुद्रणदोष समजेल. डायल-इन, रिअ‍ॅक्शन टाइम (हिरव्या दिव्यानंतर मोटार सुटायला लागलेला वेळ) आणि प्रत्यक्ष वेळ हे तीन आकडे दोन्ही चालकांपुढे छापावेत. त्यासाठी एक ओळ जास्त लागेल.

आपला,
एक नियमित वाचक