हेड बदलण्याआधी मीटर लावा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

फ्लेक्स, व्हिनाईल किंवा कापडावर छापणारं मोठं इंकजेट मशीन अडलं की पहिला संशय हेडवर (शाईचे थेंब मारणाऱ्या भागावर) जातो आणि दुसरा मेनबोर्डवर. हे दोन्ही मशीनमधले सर्वांत महाग भाग. मूळ दोष मात्र पुष्कळदा हेडला जाणाऱ्या फ्लॅट केबलच्या टोकाला लागलेल्या शाईत, सैल न्यूट्रलमध्ये किंवा लोड येताच व्होल्ट पडणाऱ्या पॉवर सप्लायमध्ये असतो. तो तसाच ठेवून नवं हेड लावलं तर तेही काही क्षणांत जळतं. असं होऊ नये म्हणून मशीनमालक, ऑपरेटर आणि नव्याने दुरुस्तीत उतरलेल्या मुलांसाठी काही नेमक्या गोष्टी लिहितो आहोत.

दोष विजेचा की शाईचा, हे नोझल टेस्टच (हेडच्या बारीक छिद्रांची छापून घेतलेली चाचणी) सांगते, फक्त ती नीट वाचावी लागते. चोकअप, म्हणजे नोझलमध्ये शाई अडकलेली, असेल तर रेषा इथून-तिथून तुटक दिसतात आणि प्रत्येक क्लीनिंगनंतर त्यांच्या जागा बदलतात. विजेचा दोष असेल तर एका रंगाची पूर्ण ओळ एकदम गायब होते, ठरावीक अंतराने तेच ते नोझल बंद राहतात किंवा नको त्या ठिकाणी सगळे नोझल एकदम मारून भरीव पट्टा उमटतो. क्लीनिंगमध्ये त्या रंगाची शाई कॅपमध्ये (हेडखालच्या झाकणात) व्यवस्थित येते आणि कागदावर मात्र एक थेंब पडत नाही, तर शाईचा मार्ग मोकळा आहे. अशा वेळी पुन्हा पुन्हा क्लीनिंग करणं थांबवावं. त्यात शाई वाया जाते आणि ओल हेडच्या सॉकेटपर्यंत पोचण्याचा धोका वाढतो.

मशीन उघडण्याआधी भिंतीवरचा पॉइंट तपासा. फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ अशी तीन मापं घ्या, आणि तीही हीटर चालू ठेवून, कारण लोडशिवाय सैल जोडही चांगला दिसतो. न्यूट्रल-अर्थ २ ते ३ व्होल्टपर्यंत ठीक. ५ व्होल्टच्या वर जात असेल तर वायरिंग तपासून घ्यावं. पूर्ण लोडवरही तिथे नेमकं शून्य येत असेल तर खूश होऊ नका. कुणीतरी सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ एकत्र जोडलेले असण्याची दाट शक्यता असते. अशा जोडणीत न्यूट्रल तुटला तर मशीनची पूर्ण बॉडी फेजवर येते. मग प्लग काढून मशीनचा सांगाडा आणि प्लगची अर्थ पिन यांच्यामधला रेझिस्टन्स मोजा, तो १ ओहमच्या आत हवा. कॅरेजची, म्हणजे हेड घेऊन सरकणाऱ्या भागाची, अर्थ वायरही याच वेळी पाहा. मटेरियल सरकताना त्यावर स्थिर वीज साठते. हवा कोरडी असताना ती जास्त साठते, आणि अर्थ नसेल तर हेडमधून वाट काढते. कडेला उडणारी शाईची धूळ आणि मध्येच गळणारे नोझल ही तिची लक्षणं आहेत.

आता मशीनच्या आत. प्लग काढल्यावर किमान पाच मिनिटं थांबा आणि हात घालण्याआधी मीटरने खात्री करा. २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर एसएमपीएसच्या (मशीनच्या पॉवर सप्लायच्या) मुख्य कपॅसिटरवर साधारण ३२५ व्होल्ट डीसी असतात आणि ते स्विच बंद केल्यावरही काही काळ टिकतात. ते उतरवायला १० वॅटचा २ किलोओहमच्या आसपासचा रेझिस्टर वापरा. स्क्रू-ड्रायव्हरने ठिणगी पाडू नका.

फ्यूज उडाला असेल तर तो कसा उडाला ते पाहा. काचेवर काळा-चंदेरी थर म्हणजे थेट शॉर्ट. काच स्वच्छ आणि तार मधेच वितळलेली, तर बराच वेळ जास्त लोड होता. दोन्ही वेळा मोठ्या क्षमतेचा फ्यूज किंवा तांब्याची तार लावणं म्हणजे पुढचा बोर्ड जाळण्याची तयारी. शॉर्टचा संशय असेल तर सप्लाय मशीनमधून सुटा करून १०० वॅटच्या जुन्या फिलामेंटच्या दिव्यासोबत सीरिजमध्ये जोडा. एलईडी दिवा इथे चालत नाही. दिवा क्षणभर चमकून मंद झाला तर सप्लायची प्राथमिक (भिंतीकडची) बाजू ठीक. भगभगीत पेटूनच राहिला तर ब्रिज रेक्टिफायर किंवा मॉसफेट शॉर्ट आहे.

सप्लायमधून टिक-टिक आवाज येतो आणि मशीन चालू होत नाही, तेव्हा सप्लाय खराब ठरवण्याची घाई होते. टिक-टिक म्हणजे सप्लाय चालू व्हायला बघतो आहे आणि ओव्हरलोडमुळे स्वतःला वाचवतो आहे, असंही असू शकतं. प्लग काढून आउटपुटच्या वायरी सोडवा, मग पुन्हा मोजा. लेबलवर लिहिलेले व्होल्ट आले तर शॉर्ट पुढे आहे. एकेक वायर परत जोडत जा, मात्र प्रत्येक वेळी वीज बंद करून. ज्या वायरीला टिक-टिक परत सुरू होईल त्या बाजूला दोष सापडेल. उलट प्रकारही असतो. रिकाम्या सप्लायवर २४ व्होल्ट बरोबर येतात, पण कॅरेज वेग घेताना २१ पर्यंत पडतात आणि मशीन रिसेट होतं. असा दोष मीटरच्या मिन-मॅक्स (सर्वांत कमी-जास्त वाचन धरून ठेवण्याच्या) सोयीने पकडता येतो. फुगलेल्या डोक्याचे कपॅसिटर बहुतेक वेळा तिथेच दिसतात.

आता हेड, केबल आणि ड्रायव्हर ट्रान्झिस्टर. नुकसान सर्वांत जास्त इथेच होतं, म्हणून इथे जरा सविस्तर लिहितो. पुष्कळ पिझो (विजेने आकार बदलणाऱ्या घटकाने थेंब मारणाऱ्या) हेडना साधारण ४२ व्होल्टचा पुरवठा लागतो आणि त्याच फ्लॅट केबलमधून ३.३ किंवा ५ व्होल्टवर चालणाऱ्या डेटाच्या रेषाही जातात. या रेषांमधलं अंतर १ मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी. केबल एका पिनने जरी तिरकी बसली किंवा टोकाला शाईचा ओघळ आला, तरी ४२ व्होल्ट डेटाच्या रेषेवर जातात. हेडमधली आयसी ते सहन करू शकत नाही. म्हणून केबल काढली की दोन्ही टोकं भिंगाखाली धरा. चांगलं टोक एकसारखं चकचकीत असतं. जळालेल्या टोकावर एक-दोन पिना काळ्या किंवा तपकिरी दिसतात, कधी प्लास्टिकला बारीक फोड आलेला असतो, आणि त्याच पिनेसमोर सॉकेटच्या आतही तसाच डाग सापडतो. अशी केबल पुसून परत लावू नये. नवी लावावी, आणि सॉकेट जळालं असेल तर तेही बदलावं.

नुसती शाई लागली असेल तर मशीन ताबडतोब बंद करून प्लग काढा. केबल सोडवा, सॉकेट ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने धागे न सुटणाऱ्या स्वॅबने धुवा आणि थंड हवेने पूर्ण वाळवा. गरम ब्लोअर नको. केबल दोन्ही टोकांनी सुटी असताना शेजारच्या पिनांमध्ये मेगाओहमच्या रेंजवरही काही वाचन येता कामा नये. वाचन आलं तर ओल किंवा मळ अजून आहे. कॅरेज ठरावीक जागी आली की एक रंग जातो आणि पुढे गेली की परत येतो, अशी तक्रार असेल तर केबल वळणावर आतून तुटलेली असते. मीटरवर कंटिन्युइटी (जोड असेल तर बीप देणारा मोड) लावून ती हाताने वाकवत न्या, बीप तुटेल तिथे दोष.

हेडला जाणारी वेव्हफॉर्म (थेंब मारायला लावणारा विजेचा संदेश) प्रत्येक चॅनलला एक एनपीएन आणि एक पीएनपी ट्रान्झिस्टर अशा जोडीतून तयार करणारे बोर्ड आजही बरेच वापरात आहेत. एक पिझोला चार्ज करतो, दुसरा डिस्चार्ज. यातला एखादा शॉर्ट झाला की बोर्डवरचा बारीक फ्यूज जातो किंवा हेडवर सतत व्होल्टेज राहून हेड तापतं. हेड आणि केबल सोडवून मीटरच्या डायोड मोडवर मोजा. बेस-एमिटर ०.५ ते ०.७, आणि कलेक्टर-एमिटरवर बीप आली तर तो गेला. सर्किट आकृती हाताशी नसली तरी काम अडत नाही. सगळे चॅनल सारखेच असतात, म्हणून एकाच जागेची मापं ओळीने कागदावर लिहा. जो चॅनल वेगळा दिसेल, दोष तिथे. ट्रान्झिस्टर नेहमी जोडीनेच बदलावेत, सोबत फ्यूजही त्याच क्षमतेचा.

एक सवय आम्हाला फार घातक वाटते, आणि ती चांगल्या कारागिरांनाही असते: खात्री करायला हेडची अदलाबदल करणं. शॉर्ट झालेलं हेड चांगल्या चॅनलवर लावलं तर तो चॅनल जातो, आणि चांगलं हेड बिघडलेल्या चॅनलवर लावलं तर हेड जातं. एका बिघाडाचे तीन होतात. आधी हेडच्या पुरवठा पिनांचा ग्राउंडशी रेझिस्टन्स त्याच मॉडेलच्या चांगल्या हेडशी ताडून पाहा. बोर्डवर ४२ व्होल्टची रेषा आणि ग्राउंड यांच्यात मोजताना आकडा हळूहळू चढत जाऊन किलोओहममध्ये स्थिरावला तर ठीक, कारण कपॅसिटर चार्ज होत असतात. दोन-चार ओहमवरच अडकला तर शॉर्ट. दुरुस्तीनंतर पहिल्यांदा वीज द्याल ती हेडशिवाय. केबलच्या टोकापर्यंत सगळे व्होल्ट जागच्या जागी आहेत हे पाहा, मग वीज बंद करा, ४२ ची रेषा १ व्होल्टच्या खाली उतरू द्या आणि तेव्हाच हेड जोडा. चालू मशीनवर केबल काढणं-घालणं कधीच नाही.

कॅरेज कडेला जाऊन आदळते किंवा सर्वो एरर (मोटरच्या नियंत्रणातली चूक) येते, तेव्हा मोटर शेवटी पाहावी. आधी एन्कोडर पट्टी, म्हणजे कॅरेज कुठे आहे ते सांगणारी रेषांची पट्टी. तिच्यावर दर इंचाला साधारण १८० रेषा असतात आणि शाईचा धूसर थर सेन्सरला त्या दिसू देत नाही. मऊ कापड अल्कोहोलमध्ये जेमतेम ओलं करून पुसा. सॉल्व्हंट लावलं तर रेषाच पुसल्या जाऊ शकतात. पट्टी सेन्सरच्या खाचेत मधोमध आहे ना, हेही पाहा. प्रिंट दरवेळी एकाच जागी सरकत असेल तर दोष पट्टीत, कुठेही सरकत असेल तर केबल किंवा अर्थिंगमध्ये.

हीटरचं गणित सोपं आहे. २३० व्होल्टवर ५०० वॅटच्या हीटरचा रेझिस्टन्स साधारण १०६ ओहम. बॉडीशी गळती असेल तर अर्थ लीकेज ब्रेकर पडतो. तापमान थांबतच नसेल तर बहुतेक वेळा सॉलिड स्टेट रिले (हीटर चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) शॉर्ट झालेला असतो. मात्र बंद रिलेतूनही थोडी गळती असते, त्यामुळे लोड काढून मोजलं तर मीटर जवळजवळ पूर्ण व्होल्ट दाखवतं आणि चांगला रिले फेकला जातो. त्याच्यापुढे फिलामेंटचा दिवा जोडून पाहा.

शेवटी एक मागणी. सर्व्हिस रिपोर्टवर “बोर्ड खराब, बदलला” एवढंच लिहिण्याची पद्धत बंद व्हावी. न्यूट्रल-अर्थ व्होल्टेज, लोडवरचे सप्लायचे व्होल्ट, ४२ च्या रेषेचा ग्राउंडशी रेझिस्टन्स आणि केबलची अवस्था, या चार नोंदी रिपोर्टवर असाव्यात, आणि जळालेला भाग ग्राहकाला परत मिळावा. मशीन विकणाऱ्यांनीही टेस्ट पॉइंटचे व्होल्ट छापून झाकणाच्या आत चिकटवावेत. ते आकडे त्यांच्याकडे असतातच. तोपर्यंत मशीन चांगलं चालू असतानाच मालकांनी ही मापं घेऊन तिथे लिहून ठेवावीत. बिघाडाच्या दिवशी ताडून पाहायला तीच उपयोगी पडतील.

आपले विश्वासू,
मोठ्या छपाई मशीनच्या दुरुस्तीत काम करणारे काही तंत्रज्ञ