पाचवी सही करण्याआधी

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर दोन गोष्टी विचारल्यात. वाड्यावरच्या बायकांच्या कर्जाच्या गटात (एकमेकींच्या जबाबदारीवर कंपनी छोटी कर्जं देते, तो गट) चौघी झाल्या आहेत, पाचवी म्हणून आईने सही करावी का? आणि पावसाआधी छपराचे वासे-रिपा बदलायला पन्नास हजार लागणार आहेत, ते त्याच गटातून उचलले तर चालतील का? फोनवर आकडे कानामागे जातात, म्हणून लिहून पाठवते. बाबांनी चष्मा लावून आणि हाताशी पेन घेऊन वाचावं.

आधी छपराचे पैसे. "महिन्याला शेकडा एक, म्हणजे वर्षाला बाराच टक्के" असं गटाच्या कंपनीचा माणूस सांगून गेला. हा फ्लॅट दर. ५०,००० चं दोन वर्षांचं व्याज १२,०००, एकूण ६२,०००, त्याला २४ ने भागून हप्ता २,५८३. यात गोम अशी की मुद्दल दर महिन्याला कमी होतं, पण व्याज पहिल्या महिन्यालाही ५०० आणि चोविसाव्या महिन्यालाही ५००. वर्षभराने तुमच्याकडे जेमतेम निम्मे पैसे उरलेले असतात, व्याज मात्र अख्ख्या पन्नास हजारांवर चालू. बँक लावते तसा, उरलेल्या रकमेवरचा म्हणजे रिड्यूसिंग दर काढला तर हेच कर्ज २१.६ टक्क्यांचं होतं.

अजून संपलं नाही. प्रोसेसिंग फी २ टक्के म्हणजे १,०००, तिच्यावर १८ टक्के जीएसटी १८०, आणि आईचा-बाबांचा विमा म्हणून समजा ८२०. हे २,००० आधीच कापून हातात येणार ४८,०००. हप्ता मात्र पन्नासाचाच. आता दर निघतो जवळपास २६ टक्के. बारा म्हणून सांगितलेले ते हे सव्वीस.

मध्येच फेडायला गेलात तर तिसरा आकडा समोर येतो. बारा हप्ते भरल्यावर बाबा म्हणणार, निम्मे २५,००० राहिले. रिड्यूसिंगच्या हिशेबाने बाकी निघते साडेसत्तावीस हजारांच्या थोडी वर. आणि फ्लॅटवाला म्हणतो, उरलेले बारा हप्ते टाका, ३१,००० झाले. म्हणजे न वापरलेल्या महिन्यांचंही व्याज. रिझर्व्ह बँकेच्या मायक्रोफायनान्सच्या, म्हणजे छोट्या बिनतारण कर्जांच्या नियमात मुदतीआधी फेडल्याचा दंड लावता येत नाही, पण उरलेली बाकी कशी मोजायची हे कागदावर आधीच बघून ठेवलेलं बरं.

म्हणून व्याज किती, असं विचारूच नका. विचारायचं ते हे: हातात किती पडणार, परत एकूण किती जाणार, किती दिवसांत. आणि सहीआधी "की फॅक्ट स्टेटमेंट" मागायचं. १ ऑक्टोबर २०२४ पासून बँका आणि फायनान्स कंपन्यांना अशा किरकोळ कर्जांसाठी ते कर्जदाराला समजेल अशा भाषेत द्यावंच लागतं. त्यात एपीआर नावाची ओळ असते: व्याज, फी, विमा सगळं धरून वर्षाचा खरा दर. बाकी पान नाही वाचलंत तरी चालेल, ती ओळ वाचा. कागद इंग्रजीत पुढे केला तर मराठीत मागा, त्यात लाजायचं काही नाही. आणि त्यात न लिहिलेला खर्च तुमच्या संमतीशिवाय नंतर लावता येत नाही.

आता गटाचं. नोंदणी असलेल्या कंपनीचा गट असेल तर तो काही लुच्चेगिरीचा धंदा नव्हे, हे मी मुद्दाम लिहिते, कारण बाबा सगळ्यांना एकाच माळेचे मणी म्हणतात. त्याचे नियम रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये आणले. नवरा, बायको आणि बिनलग्नाची मुलं मिळून घरचं वार्षिक उत्पन्न तीन लाखांपर्यंत असेल तर तारणाशिवाय मिळणारं कर्ज हे मायक्रोफायनान्स. (माझं लग्न झालंय, तेव्हा माझा पगार तुमच्या घरात मोजायचा नाही. फॉर्म भरणारा विचारेलच.) घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. सुपारी, काजू आणि गोवा सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे पैसे मिळून तुमचं महिन्याला सरासरी १६,००० धरलं तर सगळे हप्ते मिळून ८,००० ही कमाल. कमाल म्हणजे परवडतं असं नव्हे.

बिघडतं ते इथेच. टार्गेट गाठायचं म्हणून फॉर्मवर उत्पन्न फुगवून लिहितात आणि आधीची कर्जं लिहीत नाहीत. या कंपन्यांच्या संघटनेनेच मर्यादा घालून घेतली आहे, एका बाईला तीनपेक्षा जास्त कंपन्यांचं कर्ज नको आणि सगळं मिळून दोन लाखांवर नको. पण पतसंस्थेचं, सोनाराकडचं, रोजच्या वसुलीवाल्याचं कर्ज या हिशेबात दिसतंच असं नाही. चौघींपैकी कोणाच्या डोक्यावर आधीच काय आहे हे गटातल्या बायकांना एक वेळ माहीत असतं, कंपनीला नसतं.

पाचवी सही म्हणजे काय, तर चौघींची जबाबदारी. एकीचा हप्ता चुकला की हप्ते गोळा करायची सेंटर मीटिंग उठत नाही, बाकीच्या चौघी आपसात गोळा करून भरतात. कर्ज न घेता नुसती संख्या भरायला आईने सही करायची, हा प्रकार तर अजिबात नको. तिच्या आधारवर, तिच्या अंगठ्यावर कर्ज निघतं आणि पैसे दुसरीच वापरते, असं सर्रास होतं. "तुझ्या नावावर उचलूया, हप्ते मी भरते" असं शेजारच्या वहिनीने म्हटलं तर तिला दोन-तीन हजार हातउसने द्यावेत आणि विषय संपवावा. तेवढेच बुडतील. तरीही आईच्या नावावर आधीच काही निघालंय का, ते सिबिल, हायमार्क, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स या चारही ठिकाणी वर्षातून एकदा फुकट बघता येतं. मी इथून काढते, फक्त ओटीपी मला फोन करून सांगा, दुसऱ्या कोणालाही नको.

बाबा, पतसंस्थेत तुमच्या मित्राला जामीन राहायचं म्हणताय तेही याच जातीचं. जामीनदार म्हणजे ओळखीचा साक्षीदार नव्हे. १८७२ च्या करार कायद्याच्या १२८ व्या कलमात जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच धरली आहे. करारात वेगळं लिहिलेलं नसेल तर संस्था आधी त्याच्या मागे न लागता थेट तुमच्या दारात येऊ शकते.

आपल्याकडे हे सगळं पावसात जास्त अंगाशी येतं. हप्ता महिन्याचा, कमाई हंगामाची. सुपारी हिवाळ्यात गोवा बागायतदार संस्थेला घातली जाते, काजू मार्च ते मे. किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, शॅक (किनाऱ्यावरची हंगामी हॉटेलं) मेअखेरीस मोडतात, टॅक्सीवाले सप्टेंबरपर्यंत माशा मारतात. हप्त्याचा फोन मात्र जुलैतही येतो. आणि या तीन रिकाम्या महिन्यांच्या शेवटाला चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी. गणपतीवर टांगायच्या माटोळीचं सामान, फटाके, सुनेला-जावयाला कपडे. नेमक्या त्या पंधरवड्यात रोजची वसुली करणारे बाजारात फिरताना दिसतात. आधीचा हप्ता भरायला नवं कर्ज, त्याचा हप्ता भरायला तिसरं, ही साखळी बहुतेक जुलै-ऑगस्टमध्येच सुरू होते.

रोजच्या वसुलीचा हिशेब ऐका, कारण तो सगळ्यात गोड लागतो. १०,००० चं कर्ज, त्यातले १,००० आधीच कापून ९,००० हातात, आणि रोज १०० असे शंभर दिवस. बाजारात बसणाऱ्या मासेवालीला रोजचे शंभर जाणवत नाहीत. "हजारच तर जास्त, दहा टक्के" असं वाटतं. पण वापरायला नऊ हजार फक्त पहिल्या दिवशी असतात, पन्नासाव्या दिवशी निम्मे. वर्षाचा दर काढला तर ७७ टक्क्यांच्या आसपास. दोन दिवस चुकले की दंड, आणि तो दंड वहीत लिहिलेला नसतो, त्याच्या तोंडात असतो. सावकाराचं शेकडा पाच त्याहूनही चिवट: २०,००० वर महिन्याला नुसतं व्याज १,०००, वीस महिन्यांत वीस हजार दिले तरी मुद्दल जिथल्या तिथे. गोव्यात सावकारीला परवाना लागतो, त्यासाठी २००१ चा कायदा आहे. परवाना दाखव म्हटलं की अर्धेजण पुढच्या वाड्यावर जातात. कोरा चेक, एटीएम कार्ड आणि पिन यांतलं काहीही कोणालाही द्यायचं नाही. चेक परत गेला की चेकच्या कायद्याच्या १३८ कलमाखाली म्हापशाला नाहीतर डिचोलीला कोर्टाच्या पायऱ्या तुम्हीच झिजवायच्या.

मोबाईलवरच्या झटपट कर्जांबद्दल थोडक्यात. ५,००० मंजूर, ३,२०० खात्यात, सातव्या दिवशी ५,००० परत: एका आठवड्याला ५६ टक्के. खरी कंपनी असेल तर कर्ज देणाऱ्या बँकेचं वा फायनान्सचं नाव लिहिलेलं असतं, पैसे थेट तुमच्या खात्यात येतात आणि अ‍ॅपला तुमचे कॉन्टॅक्ट, फोटो, कॉल यांना हात लावायची परवानगी नसते. कॉन्टॅक्ट मागितले की तिथेच काढून टाका, पुढे त्याच यादीतल्या लोकांना बदनामीचे मेसेज जातात. रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर नोंदलेल्या अ‍ॅपची यादी आहे. फसवणूक झालीच तर पैसे भरत बसायचं नाही, लगेच १९३० ला फोन. बाबांच्या फोनमध्ये फ्रीजच्या दुकानात घालून दिलेलं जे एक अ‍ॅप आहे, ते पुढच्या खेपेला मी बघते.

मग छपराचं काय? माझं मत सरळ आहे: आईच्या बांगड्या राष्ट्रीयीकृत बँकेत ठेवा. सोनं ठेवायचं म्हटलं की आईचा जीव वरखाली होतो, मला ठाऊक आहे, पण हिशेब बघा. बँकेचा सोनेतारणाचा दर साधारण ९ ते ११ टक्के. १० टक्क्यांनी पन्नास हजार दोन वर्षांच्या हप्त्यांनी घेतले तर हप्ता २,३०७, सगळं व्याज साडेपाच हजारांच्या आत. गटाच्या कर्जात तोच खर्च विमा-फीसकट १४,०००. शिवाय चौघींचा भार नाही. बँक हप्त्यांऐवजी वर्षअखेर एकरकमी म्हणाली तरी हरकत नाही, पण मग दर महिन्याचं व्याज भरत राहायचं, साधारण ४१७ रुपये, आणि सुपारीचे पैसे आले की मुद्दलात टाकायचे. खाजगी सोनेतारण कंपनीत पाटीवर लिहिलेला कमी दर बहुतेक वेळा महिन्याच्या महिन्याला व्याज भरणाऱ्यालाच असतो. तीन महिने चुकले की वरच्या पायरीचा दर लागतो, कधी दुपटीवरही जातो. तो तक्ता काउंटरवर मागून बघावा.

बँकेत काय बघायचं: तोलणं आणि कस लावणं तुमच्या समोर झालं पाहिजे. एकूण वजन, खडे-लाख-मणी वजा करून निव्वळ वजन आणि शुद्धता लिहिलेला कागद घ्या. काळ्या मण्यांचं मंगळसूत्र नेऊ नका, मण्यांचं वजन जातं आणि मनही खट्टू होतं. नव्या नियमांनुसार अडीच लाखांपर्यंतच्या कर्जाला सोन्याच्या किमतीच्या ८५ टक्क्यांपर्यंत रक्कम मिळू शकते, पण मिळते म्हणून जास्त उचलू नका. पन्नास हजारांना पुरेल तेवढ्याच बांगड्या न्या, बाकीच्या घरी. पूर्ण फेडल्यावर सोनं त्याच दिवशी, फार तर सात कामाच्या दिवसांत परत मिळालं पाहिजे. बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाईचा नियम आहे. लिलावाची वेळ आलीच तर आधी नोटीस, आणि कर्ज वळतं करून उरलेले पैसे तुमचे.

आईला गटच हवा असेल तर स्वयंसहाय्य गट बघावा, ते प्रकरण वेगळं. बायकांनी आधी स्वतःची बचत करायची, सहाएक महिने वही नीट ठेवायची, मग ग्रामीण उपजीविका अभियानातून बँक तीन लाखांपर्यंत ७ टक्क्यांनी कर्ज देते. बीडीओ ऑफिसात चौकशी करता येते. यंदाच्या छपराला ते पुरं पडणार नाही, पुढच्या कामाला पडेल.

आई, शेजारच्या वहिनीचे हप्ते थकलेत म्हणालीस, तर तिला एवढं सांग. मायक्रोफायनान्सच्या माणसाने सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोन करायचा नाही, चारचौघांत अपमान करायचा नाही, नातेवाइकांना त्रास द्यायचा नाही. ठरलेल्या जागी ती लागोपाठ दोनदा आली नाही तरच तो घरी येऊ शकतो. दंड थकलेल्या हप्त्यावरच, अख्ख्या कर्जावर नाही. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करून पोच घ्यायची, तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, माहितीचा फोन १४४४८. पैसे फुकट नाहीत, घेतलेले फेडायचेच आहेत. पण लपून बसण्यापेक्षा हप्त्यांची फेररचना मागितली तर कंपनीला ती बुडीतापेक्षा परवडते.

बाबा, सोमवारी बँकेत जाताना आधार, पॅन, पासबुक आणि दोन फोटो न्या. अकराच्या आत पोचा, सोनं तपासणारा दुपारनंतर भेटेलच असं नाही. सही करायच्या आधी की फॅक्ट स्टेटमेंटचा फोटो मला व्हॉट्सअ‍ॅप करा आणि माझा फोन येईपर्यंत थांबा. सुताराला आगाऊ पाच हजारांवर देऊ नका, तो वासे आणतो की नाही ते आधी बघा.

तुमची,
बाय