रीड, व्हिया आणि आपला जुना वाद

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. माझी प्रकृती ठीक आहे. तुझ्या बदलीचे काय झाले, हे सवडीने कळव. आज मात्र मला दुसरेच बोलायचे आहे.

बातमीदार जॉन रीडचे मेक्सिकोतल्या क्रांतीवरचे पुस्तक वाचून संपवले आणि बातमीदाराने बाजू घ्यावी की नाही, हा आपला वाद पुन्हा उकरून काढावासा वाटला. तू ‘घेऊ नये’ म्हणायचास आणि मी चिडून उठून जायचो. माझे मत आजही तेच आहे. राष्ट्राध्यक्ष मादेरोचा खून करवून सेनापती हुएर्ता सत्तेवर बसलेला, उत्तरेकडच्या चिवावा प्रांतात एकट्या तेर्रासास घराण्याकडे लाखो एकर जमीन, आणि तिथे १९१३ च्या अखेरीस हा २६ वर्षांचा अमेरिकन जाऊन पोचतो. शेजारच्या दुरांगो प्रांतात तो क्रांतिकारकांचा सेनानी उर्बिना याच्या फाटक्या घोडेस्वारांबरोबर राहतो, त्यांच्यातच जेवतो, झोपतो. ला कादेना या ठिकाणी कोलोरादोंचा, म्हणजे हुएर्ताच्या बाजूने लढणाऱ्या बिनशिस्त स्वारांचा, हल्ला होतो तेव्हा तो जीव मुठीत धरून वाळवंटातून पळतो, आणि त्याचे काही सोबती तिथेच मारले जातात. असा माणूस तटस्थ कसा राहणार? त्याने राहू नये, असेच मला वाटते.

पण एका जागी मी अडकलो आहे, आणि ते तुझ्याखेरीज कुणाला सांगावेसे वाटत नाही. क्रांतिकारकांचा सेनापती पांचो व्हिया हुएर्ताच्या साध्या शिपायांना सोडून देई, कारण त्यांतले बरेच जबरदस्तीने भरती केलेले होते. कोलोरादो कैद्यांना मात्र तो गोळ्या घाली. ते आपल्यासारखेच शेतमजूर आहेत आणि वाईट असल्याखेरीज कोणताही शेतमजूर स्वातंत्र्याच्या विरोधात जाणार नाही, हे त्याचे कारण. रीड ते प्रामाणिकपणे नोंदवतो आणि पुढे जातो. मला पुढे जाता येईना. ज्याच्यासाठी क्रांती, त्यालाच भिंतीशी उभे करायचे, तेही तो गरीब आहे म्हणून अधिक निर्दयपणे! आणि हाच व्हिया रीडला आपले स्वप्न सांगतो: सैनिकांच्या वसाहती असाव्यात, आठवड्याचे तीन दिवस शेती-कामधंदा आणि तीन दिवस लष्करी शिक्षण. मला ते स्वप्न खरे वाटते, आणि त्या गोळ्याही खऱ्याच.

रीडने सोबत्यांवर इतके प्रेम केले म्हणून त्याला हे सारे दिसले, की त्या प्रेमापोटीच तो तिथे थांबला नाही? तू चिडून का होईना, पण सविस्तर लिही. वहिनींना नमस्कार.

तुझा
मित्र